दोष कोठे आहे? तारायंत्रापासून उपग्रहापर्यंत चाललेल्या एका शोधाचा इतिहास



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते गणित शिकवीत. उत्तर चुकले तर ते पाटीवरून पुसू देत नसत. "चूक कोणत्या पायरीवर झाली ते आधी दाखव," एवढेच म्हणत. उत्तर चुकले आहे हे कळण्यास फारसे शहाणपण लागत नाही. ते कोठे चुकले हे सांगावयाचे तर सारे उदाहरण पुन्हा उलगडावे लागते. आजच्या विषयाचे मूळ त्यांच्या ह्या सवयीत आहे.

कणकुंबीच्या श्रोत्यांस पावसाळ्याचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. मलप्रभा येथे उगम पावते, पूर्वेस जाते आणि कूडलसंगम येथे कृष्णेस मिळते. येथलाच कळसा नाला मात्र पश्चिमेची वाट धरून म्हादईस भेटतो. पावसाचा थेंब थोडा अलीकडे पडला की पलीकडे, एवढ्यावरून तो बंगालच्या उपसागरात जाणार की अरबी समुद्रात हे ठरते. स्थानाचे महत्त्व आपल्या गावाइतके क्वचितच कोणास ठाऊक असेल. आणि ह्याच पावसात जांबोटीच्या रानातून येणाऱ्या तारेवर एखादी फांदी मोडून पडते, किंवा खांबावरचा चिनी मातीचा इन्सुलेटर तडकतो, आणि गाव अंधारात बुडते. दोष उत्पन्न झाला हे साऱ्या गावास एका क्षणात समजते. तो कोठे आहे हे मात्र एकाच माणसास शोधावे लागते. डोक्यावर इरले किंवा प्लास्टिकचा कागद घेऊन, हातात बॅटरी घेऊन. त्या माणसाचा प्रश्न आणि जगातील नामवंत विद्यापीठांतील विद्युत्-संशोधकांचा प्रश्न एकच आहे, आणि तो दीडशे वर्षांहून अधिक जुना आहे.

आपल्या देशात ह्या प्रश्नाचा जन्म तारायंत्राबरोबर झाला. विल्यम ओ'शॉनेसी हे कंपनी सरकारच्या नोकरीतील डॉक्टर. त्यांनी १८३९ मध्ये कलकत्त्याजवळ तारेतून संदेश धाडण्याचे प्रयोग केले. १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर ही तार सुरू झाली, आणि फेब्रुवारी १८५५ पर्यंत कलकत्ता, आग्रा, मुंबई व मद्रास ही शहरे जोडणारी तार सर्वसामान्य लोकांसाठी खुली झाली. ओ'शॉनेसींचे नाव इतिहासाच्या पुस्तकांत सापडते. त्यांच्या हाताखालच्या शिबचंद्र नंदी ह्यांचे फारसे सापडत नाही. कलकत्त्याच्या टांकसाळीतला हा माणूस पहिल्या तारेचा कारभार पाहू लागला आणि पुढे शेकडो मैल तारा त्याने रानावनांतून नेल्या. सरकारने त्यांना रायबहादुर ही पदवी दिली, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. तार टाकणे, राखणे आणि तुटली असता शोधणे ही तेव्हा एकाच जातीची कामे होती, आणि ती पायांनी करावयाची होती.

पायांऐवजी गणिताने दोष शोधण्याची निकड प्रथम समुद्राने निर्माण केली. जमिनीवरील तारेच्या कडेने चालता येते. समुद्राच्या तळाशी पडलेल्या तारेच्या कडेने कोण चालणार? १८५८ मध्ये अटलांटिक महासागरातून टाकलेली तार महिनाभरही टिकली नाही. हिंदुस्थानास इंग्लंडशी जोडण्यासाठी १८५९-६० मध्ये सुएझ, एडन आणि कराची अशी तार तांबड्या समुद्रातून व अरबी समुद्रातून टाकण्यात आली. तिच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ संदेश कधीच धड गेला नाही. ब्रिटिश सरकारने त्या कंपनीस वर्षाला ३६,००० पौंडांची हमी पन्नास वर्षांसाठी दिली होती. तार मुकी झाली तरी पैसे भरणे चुकले नाही. अशा नुकसानीनंतर मोजमापाचे महत्त्व लोकांस पटले. तारेच्या प्रत्येक मैलाचा विद्युत्-रोध ठाऊक असेल तर किनाऱ्यावर बसून रोध मोजावा आणि दोष किती मैलांवर आहे हे भागाकाराने काढावे. परंतु त्यासाठी रोधाचे सर्वमान्य माप हवे. ते ठरविण्यासाठी विल्यम टॉम्सन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) ह्यांच्या प्रेरणेने १८६१ मध्ये ब्रिटिश असोसिएशनने समिती नेमली. आज आपले विद्यार्थी प्रयोगशाळेत ज्या 'ओम'मध्ये रोध मोजतात, त्याच्यामागे समुद्रतळी हरवलेल्या तारेचा शोध आहे.

आता त्या भागाकारातील मेख पाहू. समजा, शंभर मैल लांबीच्या तारेचा रोध १,००० ओम आहे, म्हणजे मैलास १० ओम. दोष उत्पन्न झाल्यावर आपल्या टोकाकडून मोजले असता ३७० ओम भरले. मग दोष ३७ मैलांवर, असे म्हणावेसे वाटते. पण तार जेथे जमिनीला टेकली आहे तेथे ती ओल्या चिखलात रुतली आहे की वाळक्या खडकाला स्पर्श करते आहे, हे आपणांस काय ठाऊक? त्या स्पर्शाचाही रोध असतो. तो १२० ओम असेल, तर दोष २५ मैलांवर आहे आणि आपण गडी पाठविला ३७ मैलांवर! एका टोकाकडून मोजणाऱ्यास अंतर आणि स्पर्श ह्यांची बेरीज तेवढी कळते. त्या बेरजेची फोड करता येत नाही.

ह्यावरचा उपाय मरे आणि व्हार्ली ह्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या परीक्षांत सापडला. दोषी तारेशेजारून जाणारी एक चांगली तार घ्यावयाची, पलीकडच्या ठाण्यावर दोहोंची टोके एकमेकांस जोडावयाची, आणि ह्या वळशाचे दोन भाग तराजूत घातल्यासारखे तोलावयाचे. काटा शून्यावर आला की दोन्ही भागांचे प्रमाण मिळते, आणि दोषाच्या जागचा अज्ञात रोध हिशेबातून आपोआप गळतो. ही युक्ती विलक्षण आहे, पण तिची एक अट आहे: पलीकडच्या टोकाला माणूस हवा. तेथील तारमास्तराने टोके जोडल्याखेरीज अलीकडच्या विद्वानाचा काटा हलत नाही.

ह्या परीक्षांना आपल्या देशात शिस्त लावली ती लुई श्वेंडलर ह्या जर्मन गृहस्थाने. हा तार खात्यातील विद्युत्-तज्ज्ञ. कलकत्त्याचे अलीपूर प्राणिसंग्रहालय उभारण्यातही त्याचा मोठा वाटा होता. माणसाचे कुतूहल एकाच पिंजऱ्यात राहत नाही, हेच खरे. तारांच्या परीक्षणाविषयी त्याने १८७० च्या दशकात विस्तृत सूचनाग्रंथ लिहिला. तार बिघडण्याची वाट न पाहता ती चांगली असतानाच नियमाने मोजून नोंद ठेवावी, हा त्याचा आग्रह होता. पावसाळ्यात इन्सुलेटर ओले होतात, प्रत्येक खांबावरून थोडाथोडा प्रवाह जमिनीत झिरपतो. मग झिरपणे कोणते आणि दोष कोणता, हे निरोगी दिवसाची नोंद असल्यावाचून ओळखता येत नाही.

तारेवरून दोषाचे स्थान काढता येते, तसेच माणसाचेही स्थान काढता येते. एखाद्या स्थळाचे रेखांश म्हणजे दुसरे काही नसून तेथील सूर्यवेळ आणि प्रमाणस्थळाची सूर्यवेळ ह्यांतील फरक होय. आपल्या घड्याळातील भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंशांच्या रेषेची आहे. कणकुंबी सुमारे सव्वाचौऱ्याहत्तर अंशांवर आहे. म्हणून आपला सूर्य घड्याळाच्या सुमारे ३३ मिनिटे मागे चालतो. दोन ठिकाणची वेळ एकाच क्षणी ताडून पाहण्यास तारेइतके वेगवान साधन पूर्वी नव्हते. सर्व्हे खात्याच्या अधिकाऱ्यांनी १८७५ पासून दूरदूरच्या ठाण्यांवर ताऱ्यांचे वेध घेतले, तारेवरून ठोके पाठविले आणि रेखांशांतील फरक काढले. एक सेकंदाची चूक झाली तर आपल्या अक्षांशावर स्थान सुमारे साडेचारशे मीटर सरकते. तार आणि घड्याळ ह्यांची ही सोयरीक पुढे शंभर वर्षांनी पुन्हा उपयोगी पडावयाची होती.

विसाव्या शतकात तारेतून संदेशाऐवजी शक्ती वाहू लागली. प्रवाह एकदिश न राहता सेकंदाला पन्नास किंवा साठ वेळा हेलकावणारा झाला. तीन तारा, उंच मनोरे, शेकडो कोसांचे जाळे. येथे दोष झाला तर तो शोधण्यास दिवस जाऊन चालत नाही. सेकंदाच्या अंशात ती वाहिनी तोडावी लागते, नाहीतर यंत्रे जळतात. म्हणून 'अंतर-रिले' नावाचे पहारेकरी उपकेंद्रांत बसविण्यात आले. ते दाब आणि प्रवाह मोजतात, एकास दुसऱ्याने भागतात, आणि भागाकार लहान आला की दोष जवळ आहे असे समजून वाहिनी बंद करतात. विद्यार्थ्यांनी ओळखले असेल: हा तोच भागाकार, आणि तोही पुन्हा एकाच टोकाकडून केलेला.

त्याची चूक ९ नोव्हेंबर १९६५ रोजी जगास दिसली. कॅनडातील एका जलविद्युत्-केंद्रात असा रिले वाढलेल्या भारास दोष समजला आणि त्याने वाहिनी तोडली. तिचा भार शेजारच्या वाहिन्यांवर पडला, त्याही एकामागून एक तुटल्या, आणि न्यूयॉर्कसह सुमारे तीन कोटी लोक अंधारात गेले. तारेत दोष नव्हताच. पुढच्याच वर्षी, १९६६ मध्ये, जे. पॉल रॉथ ह्यांनी संगणकाच्या मंडलांतील, ज्यांस आपण सर्किट म्हणतो त्यांतील, दोष शोधण्याची एक गणिती रीत प्रसिद्ध केली. तेथे तर आत शिरणेच अशक्य; फक्त काही टोकांतून संकेत आत घालावयाचे आणि काही टोकांवर उत्तर वाचावयाचे. आत दोष असेल तर त्याचा परिणाम बाहेरपर्यंत पोहोचेल असे संकेत निवडणे ही त्या रीतीची किमया. हा विषय मोठा आहे, त्यास स्वतंत्र व्याख्यान हवे. मला आज मोठ्या तारांकडे परतावयाचे आहे, कारण येथून पुढच्या कथेचा नायक आपल्या भाषेच्या प्रदेशातला आहे.

अरुण गजानन फडके ह्यांचा जन्म १९३८ मध्ये ग्वाल्हेर येथे झाला. शिंद्यांच्या ग्वाल्हेरात मराठी घरांच्या पिढ्या नांदल्या आहेत, हे सीमेवरच्या आपणांस सांगावयास नको. राज्यकारभाराची भाषा कोणतीही असो, घरची भाषा घरातच टिकते. फडके १९५९ मध्ये खरगपूरच्या आय.आय.टी.तून अभियंते झाले, अमेरिकेत गेले, १९६४ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाचे डॉक्टर झाले. १९७० च्या दशकात एका मोठ्या अमेरिकन वीज कंपनीत त्यांच्यापुढे प्रश्न होता, तो हा की पहारेकरी रिलेचे काम संगणकास सांगता येईल काय?

त्या काळचे संगणक आजच्या मानाने फार संथ होते. तीन तारांच्या वाहिनीवर दोषाचे दहा प्रकार संभवतात: एक तार जमिनीस टेकेल, दोन तारा एकमेकींस भिडतील, दोन भिडून जमिनीस टेकतील, तिन्ही एकत्र येतील. प्रत्येकासाठी निराळे समीकरण सोडवीत बसावे, तर संगणकाचे उत्तर येईपर्यंत वाहिनी जळून जावयाची. फडके व त्यांच्या सहकाऱ्यांनी चार्ल्स फोर्टेस्क्यू ह्यांची १९१८ मधील जुनी रीत हाती घेतली. तीत तीन तारांतील विस्कटलेले प्रवाह सममित घटकांत मांडले जातात. त्यांनी दहाही प्रकारांस पुरेल असे एकच समीकरण बसविले. नवा शोध पुष्कळदा जुन्या पुस्तकाची धूळ झटकूनच निघतो.

आणि येथे एक अनपेक्षित लाभ झाला. ही रीत चालविताना यंत्र प्रत्येक क्षणी दाबाचा आकार आणि त्याच्या हेलकाव्याची स्थिती, ह्या जोडीला 'फेजर' म्हणतात, ती मोजीतच होते. फडके आणि जेम्स थॉर्प ह्यांच्या लक्षात आले की रिलेच्या कामापेक्षाही ह्या मोजणीचे मोल अधिक आहे. दोन झोपाळे एकाच लयीत हलत आहेत अशी कल्पना करा. एक दुसऱ्याच्या किंचित पुढे असेल, तर किती पुढे, ह्यावरून त्यांच्यामधील ओढ समजते. दोन शहरांतील विजेचेही तसेच: कोणता हेलकावा किती पुढे आहे ह्यावरून शक्ती कोणीकडे व किती वाहते हे कळते. पण शेकडो मैलांवरचे दोन झोपाळे एकाच क्षणी कोण पाहणार? पन्नास हेलकाव्यांच्या विजेत घड्याळ एक सहस्रांश सेकंद चुकले, तर मोजणी १८ अंशांनी चुकते. सेकंदाचा दशलक्षावा भाग साधला, तर चूक ०.०१८ अंशावर येते.

एवढे अचूक घड्याळ आकाशात फिरत होते. अमेरिकेच्या संरक्षण खात्याचे स्थानदर्शक उपग्रह, ज्यांस आज शाळकरी मूलही जी.पी.एस. म्हणते, १९७८ पासून सोडले जात होते. हे उपग्रह स्थान सांगतात ते वेळ मोजून. म्हणून प्रत्येकात आण्विक घड्याळ असते. लोकांना त्यांच्याकडून स्थान हवे होते. फडके-थॉर्प ह्यांनी वेळ मागून घेतली. व्हर्जिनिया टेक विद्यापीठात १९८८ मध्ये त्यांचे पहिले फेजर-मापक यंत्र तयार झाले. त्या वेळी उपग्रह थोडेच होते आणि ते दृष्टिआड असत तेव्हा यंत्रातले घड्याळ आपल्या बळावर चालवावे लागे. १९९१ मध्ये असे यंत्र बाजारात आले. २००८ मध्ये दोघांना फ्रँकलिन इन्स्टिट्यूटचे बेंजामिन फ्रँकलिन पदक मिळाले.

मला ह्यात मरे परीक्षेचा पुनर्जन्म दिसतो. वाहिनीच्या दोन्ही टोकांचे फेजर एकाच क्षणाचे असतील, तर दोषाच्या जागचा अज्ञात रोध पुन्हा हिशेबातून गळतो. फांदी ओली होती की वाळकी, ह्यास महत्त्व उरत नाही. दोषाच्या जागेहून दोन्ही दिशांस धावणाऱ्या विद्युत्-लाटा कोणत्या टोकास आधी पोहोचल्या, हे मोजूनही स्थान काढता येते. ही लाट दशलक्षांश सेकंदात जवळजवळ तीनशे मीटर जाते. दोन वेळांतील फरकात तेवढी चूक झाली तरी स्थानात दीडशे मीटरांपलीकडे चूक होत नाही. म्हणजे कोणता मनोरा, हे ठाण्यात बसून सांगता येते. पलीकडच्या तारमास्तराची जागा उपग्रहाने घेतली, इतकेच.

आता ह्या कथेतील विषण्ण करणारा भाग. ३० जुलै २०१२ रोजी रात्री अडीचच्या सुमारास बिना–ग्वाल्हेर ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी बंद पडली. तिच्यावर अतोनात भार होता, दाब खाली आला होता. दाब कमी आणि प्रवाह अधिक, म्हणजे भागाकार लहान. रिलेने दूरवर दोष आहे असे ठरविले आणि वाहिनी तोडली. चौकशीत दोष कोठेच आढळला नाही. पाठोपाठ साऱ्या उत्तर भारताची वीज गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास तीच वाहिनी तशीच तुटली, आणि उत्तर, पूर्व व ईशान्य अशी तिन्ही जाळी कोलमडली. साठ कोटींहून अधिक लोकांच्या प्रदेशात वीज उरली नाही. ज्याने दोन टोकांवरून एकाच क्षणी पाहावयास जगास शिकविले, त्याच्या जन्मगावच्या वाहिनीवर एका टोकाचा पहारेकरी फसावा! योगायोगास अधिक अर्थ चिकटवू नये. पण तो सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

उत्तर भारतात फेजर-मापक यंत्रे २०१० पासून बसू लागली होती, पण हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच. त्यांच्या नोंदींवरूनच चौकशी समितीला त्या दोन दिवसांचा क्रम पुष्कळसा जुळविता आला. अशी यंत्रे देशभर बसवावीत आणि रिलेंच्या मर्यादा पुन्हा तपासाव्यात, असे तिने सुचविले. पुढच्या योजनेतील विश्लेषणाच्या कामात पवईच्या आय.आय.टी.चाही वाटा आहे. दक्षिणेचे जाळे तेव्हा स्वतंत्र होते म्हणून आपण वाचलो; ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर वाहिनीने ते उर्वरित देशाशी एकाच लयीत जोडले गेले. सीमेच्या अलीकडचा आणि पलीकडचा हेलकावा तेव्हापासून एक आहे.

इतके ऐकल्यावर एखादा विद्यार्थी विचारील, मग आषाढात आमची वीज तासन् तास का येत नाही? त्याचा प्रश्न रास्त आहे. ही यंत्रे मोठ्या मनोऱ्यांच्या वाहिन्यांवर असतात. रानातून गावाकडे येणारी ११ किलोव्होल्टची तार अनेक फाट्यांनी फुटलेली असते. एका टोकाकडून मोजलेले अंतर कोणत्या फाट्यावर लागू करावयाचे, हेच कळत नाही, आणि प्रत्येक फाट्याच्या टोकास यंत्र बसविण्याचा खर्च कोणी करीत नाही. म्हणून लाइनमन आपली जुनी रीत चालवितो. तो वाटेतला एबी स्विच उघडतो आणि अलीकडचा भाग चालू करून पाहतो. चालला, तर दोष पलीकडे. पुन्हा पुढचा स्विच. सोळा भागांची तार असेल आणि तो दरवेळी मधोमध तोडू शकला, तर चार खेपांत दोषाचा भाग सापडतो. गणित उत्तम आहे. परंतु दोन स्विचांमधली वाट रानाची आहे, रात्रीची आहे, आणि ती त्यालाच चालावी लागते.

ह्या चालण्यातून जे ज्ञान निपजते, ते पावसाळा सरला की विरून जाते, ह्याची मला खंत वाटते. कोणत्या वळणावर दरवर्षी फांदी पडते, कोणता इन्सुलेटर पहिल्याच पावसात तडकतो, हे अनुभवी लाइनमनला तोंडपाठ असते. तो निवृत्त झाला की नव्या माणसाला पहिल्यापासून आरंभ करावा लागतो. श्वेंडलरने दीडशे वर्षांपूर्वी ज्या नोंदवहीचा आग्रह धरला, ती आपल्या शाळेने ठेवावी, अशी माझी विनंती आहे. तारीख, वीज गेल्याची व आल्याची वेळ, दोष सापडला त्या खांबाचा क्रमांक, कारण, आणि त्या खांबाचे अक्षांश-रेखांश, एवढे रकाने पुरेत. अक्षांश-रेखांश आता खिशातल्या फोनवरही मिळतात; दाट झाडीखाली काही मीटर इकडे तिकडे होतील, तेवढे चालेल. खांबांजवळ विद्यार्थ्यांनी कोरड्या दिवसांतच, मोठ्यांबरोबर जावे; पडलेल्या तारेच्या आसपास कोणी फिरकू नये. दोषांची हकीकत लाइनमनदादांकडूनच विचारून घ्यावी आणि वहीत प्रत्येक नोंदीपुढे त्यांचे नाव लिहावे. चार-पाच पावसाळ्यांच्या नोंदी नकाशावर मांडल्या, म्हणजे कोणत्या खांबापासून शोध आरंभावा हे गावास आधीच सांगता येईल. वहीचा खर्च माजी विद्यार्थ्यांपैकी कोणीही आनंदाने उचलील. पहिल्या वहीचा मी उचलतो.